ग्रुनाऊचें लाकडी पांखरूं

१९१९ च्या तहानें पराभूत जर्मनीच्या विमानबांधणीवर कडक निर्बंध आले. तेव्हां तेथील तरुण एंजिनाविनाच उडूं लागले. १९३१ सालीं सायलेशियांतील ग्रुनाऊ येथें एडमंड श्नायडर यांनीं 'ग्रुनाऊ बेबी' हें एकासनी ग्लायडर सिद्ध केलें. सांगाडा लाकडी, पंखांवर ताणलेलें कापड. आराखडे मिळाले कीं क्लबांतील मंडळी तें स्वहस्तें बांधीत. सुतारकामास हलकें लेखणाऱ्या आपल्या पालकांनीं हें ऐकावें! १९३३ सालीं कुर्ट श्मिट त्यांत ३६ तास ३५ मिनिटें तरंगत राहिला. परंतु त्याच वर्षीं हिटलर सत्तेवर आला. क्लबांचें स्वातंत्र्य गेलें, आणि हौसेनें उडावयास शिकलेले कित्येक पोरगे पुढें लढाऊ विमानांत बसले. १९४५ नंतर ग्रुनाऊ पोलंडकडे गेलें. श्नायडर ऑस्ट्रेलियास गेले व तेथें पुन्हां ग्लायडरेंच बांधूं लागले.