‘सरकारमान्य एक्सपोर्टर’ म्हणजे नक्की काय? आयईसी कोड मोबाईलवर असा तपासा

तासगावजवळ माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. मागच्या सीझनला एक व्यापारी आला आणि त्याने मोबाईलवर सर्टिफिकेट दाखवलं. ‘आमची कंपनी भारत सरकारमान्य आहे, पैसे माल पोचल्यावर.’ मामांनी मला त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, पण मी बघेपर्यंत दोन गाड्या उधारीवर गेल्या होत्या. पैसे अजून अडकलेत. ते सर्टिफिकेट खोटं नव्हतं. फक्त त्याचा अर्थ चुकीचा सांगितला होता.

आयईसी म्हणजे काय?

आयात किंवा निर्यात करायला लागणारा हा 10 अक्षरी कोड. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाचं विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, तो देतं. ऑनलाइन अर्ज, फी 500 रुपये. आता पॅन नंबर हाच आयईसी नंबर असतो. पॅन, पत्ता आणि बँक खातं असेल तर तुम्ही-आम्हीही काढू शकतो. कंपनीकडे पैसा आहे का, परदेशात गिऱ्हाईक आहे का, हे यात कोणी तपासत नाही.

दावे आणि खरं काय

- ‘सरकारमान्य कंपनी’: आयईसी ही फक्त नोंदणी आहे, सरकारची हमी नाही.
- ‘लायसन्सची सरकारी फी 15 हजार’: एजंट स्वतःची फी घेऊ शकतो, पण सरकारी फी 500 च.
- ‘आयईसी आहे, म्हणजे सगळी कागदपत्रं आहेत’: द्राक्षं किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पाठवायची तर अपेडाची नोंदणी लागते. सांगलीच्या हळदीसाठी मसाला बोर्डाची. युरोपला द्राक्षं जाणार असतील तर बागेचीही ग्रेपनेटवर नोंदणी लागते.

मोबाईलवर कसं तपासायचं?

1. ब्राउझरमध्ये डीजीएफटी डॉट जीओव्ही डॉट इन उघडा. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर साइट बंद करा.
2. सर्व्हिसेसमध्ये ‘व्ह्यू एनी आयईसी’ निवडा.
3. आयईसी नंबर, कंपनीचं नाव आणि कॅप्चा भरा.
4. नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि स्टेटस बघा. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अपडेट केली नाही तर कोड बंद होऊ शकतो. ‘डीईएल’ यादीत नाव असेल तर सावध व्हा. नियम मोडणाऱ्यांना त्या यादीत टाकतात.

सगळं बरोबर दिसलं तरी उधारीवर माल देऊ नका. ॲडव्हान्स घ्या, व्यवहार लेखी करा, आधी ज्यांनी माल दिलाय त्या शेतकऱ्यांना फोन करा. ऑनलाइन पैसे भरून फसला असाल तर लगेच 1930 वर कॉल करा.

घरी कोणी असं सर्टिफिकेट घेऊन आलं तर गाडी भरायच्या आधी ही दोन मिनिटं काढा. आमच्याकडे तेवढंच राहून गेलं.