शिवणातली माया

गटाच्या बैठकीत शिलाईकामाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "त्यात काय, घरच्या घरी तर शिवायचं." आणि दुसरं, "रेडिमेड इतकं स्वस्त मिळतं, आपलं कोण घेणार?" या दोन्ही वाक्यांच्या मागे मोठा इतिहास आहे. त्यातला बराचसा आपल्या पुणे शहरात घडला. तो आज सांगतो.

सुरुवात बाळंतविड्यापासून करू. घरात बाळ जन्माला आलं की माहेरची माणसं, आत्या, मावश्या, शेजारणी बाळंतविडा घेऊन येत. त्यात झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची आणि बाळंतिणीला खण-लुगडं. यातलं बाळाचं बहुतेक सगळं घरीच शिवलेलं असे. पहिली झबली आणि दुपटी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची. नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. झबल्याला बटणं नसत, बंद असत. बंद टोचत नाहीत आणि बाळ भरलं की सैल करता येतात. खणाच्या कुंचीने डोकं, कान आणि पाठ एकदम झाकली जायची. दिसायला ती हौसेची, पण काम थंडी-वाऱ्यापासून राखायचं.

मूल मोठं होऊ लागलं की कपडे "वाढत्या अंगाचे" शिवायचे. परकराला आडवे टक घालायचे आणि पोर उंच झाली की दरवर्षी एकेक टक उसवायचा. बाहीला, कमरेला आत जास्तीचं कापड सोडायचं. शिवणात आत सोडलेल्या या कापडाला आपण "माया" म्हणतो. उद्या मूल वाढणार आहे हे धरून आजच ठेवलेली ती जागा. थोरल्याचं धाकट्याला, धाकट्याचं शेंडेफळाला आणि अगदीच विरलं की त्याचं गोधडीत अस्तर. नऊवारी लुगडं आई नेसायची, मग त्याचं दुपटं व्हायचं, मग गोधडी आणि शेवटी पायपुसणं. वाढतं कुटुंब कमी पैशात चालायचं ते असं. पण या कामाचा हिशोब कुठल्याच वहीत लिहिला गेला नाही.

आता शिवणयंत्राकडे येऊ. अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये आपल्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशी यंत्रं आपल्या देशातल्या शहरांत दिसू लागली. आधी ती शिंप्याच्या दुकानात आली, मग ऐपतीच्या घरांत. पुढे १९३० नंतरच्या दशकात कोलकात्यात उषा शिवणयंत्रं बनू लागली आणि देशी यंत्र घरोघरी जाऊ लागलं. महात्मा गांधी यंत्रांवर टीका करत, पण १९२४ मध्ये त्यांनी शिवणयंत्राला मात्र अपवाद मानलं. बायकोचे कष्ट कमी व्हावेत या प्रेमापोटी ते घडलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण यंत्र आलं म्हणून बाईच्या हातात पैसा आला, असं झालं नाही. त्यासाठी पुण्यात वेगळी लढाई झाली. १८८४ मध्ये हुजूरपागेत मुलींची शाळा सुरू झाली. तिथे मुलींना इंग्रजी आणि गणितासारखे विषय शिकवण्यावर 'केसरी'तून टीका झाली. मुलींना घरकामाला उपयोगी पडेल तेवढंच शिकवा, शिवण-टिपण पुरे, असा अनेकांचा आग्रह होता. म्हणजे सुई ही मुलींसाठी कुंपण होती. शिवायला शिक, पण उंबऱ्याच्या आतच राहा.

ज्या बायकांनी तीच सुई उंबऱ्याबाहेर जायची वाट केली, त्यांत रमाबाई रानडे यांचं नाव आधी घ्यावं लागेल. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षाच्या आसपास, त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. घरातल्या बायकांचा विरोध सोसून त्या लिहायला-वाचायला शिकल्या. मुंबईत त्यांनी बायकांचा क्लब चालवला आणि तिथे भाषेबरोबर शिवणकाम-हस्तकामही शिकवलं. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले आणि रमाबाई पुण्याला परतल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी त्यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने पुणे सेवासदन सुरू केलं. तिथे बायका शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या आणि शिवणकामही शिकल्या.

यात मोठं काय घडलं? तो काळ आठवून पाहा. लहानपणी लग्न, त्यात नवरा गेला की केशवपन, आणि मग भावाच्या किंवा दिराच्या घरी दोन वेळच्या अन्नासाठी आयुष्यभर राबणं. अशी बाईही त्या घरातली झबली-टोपडी शिवतच होती. पण त्याला काम कोणी म्हणत नव्हतं. सेवासदनात तीच शिवण वर्ग भरवून, मापं घेऊन, परीक्षा देऊन शिकली जाऊ लागली. कला तीच, पण आता तिला विद्या म्हणून मान मिळाला आणि त्यातून मोबदला मागता येऊ लागला.

या वाटेवर आधीही पावलं पडली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी बायकांना विणकाम, शिवण, अगदी छपाईसुद्धा शिकवली. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याला नेला. या सगळ्यांना एक गोष्ट कळली होती. नुसतं शहाणपण शिकवून बाई मोकळी होत नाही. तिच्या हातात चार पैसे देणारं काम लागतं.

दुसऱ्या महायुद्धात कापड महागलं, दुर्मीळ झालं. १९४३ मध्ये सरकारला कापडावर नियंत्रण आणावं लागलं. तेव्हा ज्या घरात शिवता येणारी बाई होती, त्या घरातल्या पोरांच्या अंगावर जुन्यातून केलेले का होईना, धड कपडे राहिले. पुढे शहरात शिवणक्लास वाढले. लग्नाआधी मुलीने शिवणाचा कोर्स करायचा आणि जमलं तर सासरी मशीन घेऊन जायचं, अशी रीतच पडली. रविवार पेठेत कापड घ्यायचं, बोहरी आळीत लेस-बटणं घ्यायची आणि दिवाळीआधी रात्री जागून सगळ्या पोरांचे कपडे शिवायचे, हे कित्येक घरांत चाललं. मग रेडिमेड आलं आणि मशीनवर झाकण पडलं.

आता आपल्या काळाकडे येऊ. २०२४ मध्ये शाळेचे गणवेश शिवण्याचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आलं. वर्षाअखेरीस धोरण बदललं आणि गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. सरकारी काम येतं तसं जातंही. म्हणून आपल्याला स्वतःचं गिऱ्हाईकही हवं. ते आहे. पुण्यात भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी लोक गोधडी, खणाची कुंची, सुती झबली-टोपडी हातात घेऊन पाहतात आणि विकत नेतात. ज्यांच्या घरात आता शिवणारी आजी नाही, त्यांना बाळंतविडा हवाच असतो.

मात्र भाव सांगताना आपण अडखळतो. कापड आणि दोरा धरतो आणि हाताचा वेळ सोडून देतो. शंभर वर्षांपूर्वीचं "त्यात काय, घरचंच काम" अजून आपल्याच तोंडी आहे. म्हणून पुढच्या बैठकीला एक करा. एक बाळंतविडा शिवायला घ्या आणि वहीत चार रकाने आखा: कापड, दोरा-लेस, मशीनची देखभाल आणि लागलेले तास. तासाला निदान शेतमजुरीइतका दर धरा. बेरीज येईल तो तुमचा खर्च. त्याच्या वर नफा. ज्या बाईच्या नावावर मशीनचं कर्ज आहे, तिच्याच नावावर मशीनची पावती आहे ना, तेही पाहून घ्या.

रेडिमेडशी स्वस्ताईत आपण लढू शकणार नाही, आणि लढायचंही नाही. त्या झबल्यात माया सोडलेली नसते. एका हंगामात ते तोकडं होतं. आपलं दोन वर्षं वाढवता येतं, ही गोष्ट गिऱ्हाइकाला शिवण उलटून दाखवा. कपड्यात माया भरपूर ठेवा मैत्रिणींनो, फक्त हिशोबातून स्वतःला वगळू नका.