डीझेलची काटकसर

काटकसर हा सद्गुण आहे, ह्याविषयी आपणांत दुमत व्हावयाचे नाही. परंतु ज्या एंजिनाची काटकसर साऱ्या युरोपने वाखाणली, त्याच्याच मोटारींना पुढे तिथल्या शहरांनी रस्ते बंद केले. ती हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

१८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे रुडोल्फ डीझेलच्या एंजिनाची प्रोफेसर श्रोटर यांनी परीक्षा घेतली. इंधनाच्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णता कामी लागते, असे आढळले. वाफेची एंजिने ह्याच्या पुष्कळच मागे होती. युक्ती काय? सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड तापते, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. डीझेलने सिलिंडरातील हवा दट्ट्याने इतकी दाबली की तीत तेल सोडताच ते ठिणगीवाचून पेटावे. जितका दाब अधिक, तितकी बचत अधिक. यंत्राला काटकसर शिकविणाऱ्या ह्या गृहस्थाचा स्वतःचा जमाखर्च मात्र कधी जुळला नाही. १९१३ साली इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला आणि पुढे समुद्रात त्याचे प्रेत मिळाले.

१९३६ साली मर्सिडीझ २६० डी ही डीझेल मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात आली, आणि टॅक्सीवाल्यांनी तिला उचलून धरले. तेलाचा हिशेब त्यांच्याइतका कोण ठेवतो? १९७३ साली तेल भडकले, तेव्हा घरगुती गिऱ्हाईकही तिकडे वळले. १९९७ च्या क्योटो करारानंतर तर सरकारेच डीझेलची भाट झाली. कारण इंधन कमी म्हणजे कर्बवायूही कमी. २०११ च्या सुमारास पश्चिम युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डीझेलच्या होत्या.

मेख होती ती त्या उष्णतेतच. फार तापलेल्या हवेत नत्रवायू व प्राणवायू यांचा संयोग होऊन फुप्फुसांना घातक अशी नत्राची ऑक्साइडे बनतात. ती टाळण्यासाठी ज्वलन थंड करावे, तर काजळी वाढते. दोहोंवर उपाय आहेत; पण ते महाग, जागा खाणारे, आणि काही तर इंधनही खाणारे! म्हणजे जिच्यासाठी मोटार घेतली, त्या बचतीलाच कात्री.

फोक्सवागेनने ह्यातून वाट काढली ती लबाडीची. परीक्षागृहात मोटार फिरत्या रुळांवर चालवितात. स्टिअरिंग न वळता चाके फिरताहेत, अशासारख्या खुणांवरून तिचा संगणक परीक्षा ओळखी आणि तेवढ्यापुरता धूर आवरी. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी उपकरणे मोटारीत घालून ती रस्त्यावर चालविली, एवढ्याशा साध्या गोष्टीने २०१४ साली बिंग फुटू लागले. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकन सरकारने आरोप ठेवला: ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. अशा मोटारी जगभर सुमारे १ कोटी १० लाख निघाल्या. इतर कंपन्यांच्याही कित्येक मोटारी रस्त्यावर कागदापेक्षा अधिक धूर सोडीत. आमच्या मते, परीक्षेचा रस्त्याशी संबंध तुटू देणारी सरकारेही ह्या दोषाची वाटेकरी होत.

मे २०१८ अखेर हाम्बुर्गने दोन रस्त्यांच्या काही भागांवर जुन्या डीझेल वाहनांना मनाई केली. त्यांच्या मालकांपैकी अनेकांनी त्या घेतल्या होत्या बचतीसाठी, आणि सरकारच्याच सांगण्यावरून.