चिंचवडचे दामोदरपंत आणि येरवड्यातले टिळक

चिंचवडच्या चापेकर चौकातून आपण रोज गाडी काढतो. पण दामोदरपंतांची आणि टिळकांची गाठ येरवडा तुरुंगात पडली होती, हे किती जणांना माहितीय?

२२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली म्हणून दामोदरपंतांना फाशी झालेली. टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगत होते. या खुनाशी त्यांचा संबंध जोडायला सरकार टपलेलंच! तरी टिळकांनी दामोदरपंतांचा दयेचा अर्ज लिहून दिला, स्वतःची गीताही दिली. अर्ज फेटाळला गेला. १८ एप्रिल १८९८ ला तीच गीता हातात घेऊन दामोदरपंत फासावर गेले.

पत्रकार म्हणून मोठ्या माणसांसोबत माझे फोटो भरपूर आहेत. यातला कोण माझ्यासाठी असा अर्ज लिहायला बसेल, असं मनात आलं की फोटो चाळावेसे वाटत नाहीत.