प्रेक्षकांची हुल्लड, क्लबला शिक्षा
प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीची शिक्षा फुटबॉलमध्ये बहुधा क्लबलाच होते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ भिडतात तेव्हाही पेच हाच: दगड गॅलरीतून येतो, भुर्दंड संघाला. सर्वांत बोचणारे उदाहरण कोलकात्याचे. 9 डिसेंबर 2012 रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर ईस्ट बंगालविरुद्ध खेळताना मोहन बागानच्या रहीम नबीला प्रेक्षकांतून आलेला दगड लागला. त्याला रुग्णालयात न्यावे लागले. मध्यंतरानंतर मोहन बागानचा संघ मैदानात उतरला नाही, म्हणून संघावर बंदी आली. जानेवारी 2013 मध्ये ती उठली, पण 2 कोटी रुपये दंड बसला, मिळवलेले गुणही गेले. सामना सोडणे हा नियमभंग खराच. तरी जखमी खेळाडूच्या संघाला एवढी जबर शिक्षा न्याय्य म्हणता येत नाही. खऱ्या दोषीला शिक्षा करण्याचा मार्गही आहे: इंग्लंडमध्ये 1989 च्या फुटबॉल प्रेक्षक कायद्यानुसार न्यायालय दंगेखोर व्यक्तीलाच सामन्यांना येण्यास मनाई करू शकते.