पत्रांतून घडलेला इतिहास

इतिहासाचा एखादा मान्यवर ग्रंथ हाती आला म्हणजे आपण त्यातील आधार तपासतो आणि निष्कर्ष पारखतो. परंतु तो सिद्ध होण्यापूर्वी लेखकाने आपल्या समव्यवसायी मित्रांना किती पत्रे लिहिली, त्यांच्याकडून किती कठोर शब्द ऐकून घेतले, हे आपल्या दृष्टीस क्वचितच पडते. अमेरिकेतील मॉर्मन पंथाचा इतिहास लिहिणाऱ्या तिघा अभ्यासकांचा पत्रव्यवहार ह्या दृष्टीने आम्हांस फार उद्बोधक वाटतो.

जोसेफ स्मिथ यांनी 1830 साली हा पंथ स्थापिला. 1844 मध्ये जमावाकडून त्यांची हत्या झाली आणि 1847 साली ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायी युटाच्या ओसाड प्रदेशात जाऊन वसले. छळ सोसलेल्या समाजाला आपला इतिहास पवित्र वाटावा, हे स्वाभाविकच होय. मात्र ह्याच समाजाच्या हातून 11 सप्टेंबर 1857 रोजी माउंटन मेडोज येथे एक घोर कृत्य घडले. कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे 120 प्रवाशांना अभयवचन देऊन निःशस्त्र करण्यात आले आणि मग ठार मारण्यात आले. केवळ सतरा अजाण बालके वाचली. पुढे सारा दोष तेथील आदिवासींवर व जॉन ली या एकाच मनुष्यावर टाकण्यात आला. ली यांना 1877 साली गोळ्या घालून देहदंड दिला गेला आणि समाजाने तो विषय मिटला असे मानले.

वानिटा ब्रुक्स ह्या त्याच समाजात, 1898 साली जन्मलेल्या श्रद्धाळू स्त्री. नेव्हाडातील मेस्किट गावी त्या तरुण शिक्षिका असताना नेफाय जॉन्सन नावाचे एक वृद्ध गृहस्थ त्यांच्याकडे आले. आपल्याला काही सांगावयाचे आहे, ते लिहून घ्यावे, अशी त्यांची विनंती होती. बाईंनी ती पुढे ढकलली. 1919 मध्ये जॉन्सन मृत्युशय्येवर असल्याचे कळताच त्या धावत गेल्या. परंतु तोवर वृद्धाची शुद्ध हरपली होती, आणि त्या भ्रमात ते रक्ताच्या नावाने आक्रोश करीत होते. माउंटन मेडोजच्या त्या दिवशी ते तेथे हजर होते, हे बाईंना नंतर उमगले. ती रुखरुख त्यांना आयुष्यभर पुरली.

डेल मॉर्गन यांची गोष्ट निराळी. 1914 साली सॉल्ट लेक सिटीत जन्मलेल्या ह्या गृहस्थांची श्रवणशक्ती कुमारवयातच मेंदूज्वराने गेली. पत्रलेखन हेच त्यांचे संभाषण झाले. 1942 पासून वॉशिंग्टनमध्ये नोकरी करीत असता ते तेथील दफ्तरे व जुनी वृत्तपत्रे धुंडाळीत आणि हाती लागलेले उतारे टंकलिखित करून मित्रांना पाठवीत. फॉन ब्रोडी यांनी स्मिथ यांचे चरित्र लिहावयास घेतले, तेव्हा मॉर्गन यांनी हस्तलिखित वाचून त्यातील घाईचे निवाडे निःसंकोच दाखविले. मॉर्गन स्वतः श्रद्धाहीन. तरीही प्रेषितावर आगाऊ आरोप ठेवून चरित्र लिहू नये, असा त्यांचा आग्रह होता. ते चरित्र 1945 साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी ब्रोडीबाईंना पंथातून बहिष्कृत करण्यात आले.

ह्या चरित्रावरून मॉर्गन व ब्रुक्सबाई यांच्यात जो पत्रसंवाद झाला, तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. बाईंना त्यातील प्रेषिताचे चित्र मान्य नव्हते. मॉर्गन यांनी उत्तरादाखल मांडले ते असे, की ईश्वरच नाही असे धरून चालणारा आणि ईश्वर आहे असे मानणारा, हे दोघे एकाच पुराव्यातून भिन्न अर्थ काढणारच. म्हणून प्रत्येकाने आपली भूमिका प्रथम स्वतःशी कबूल करावी. मतभेद मिटला नाही, पण मैत्रीही तुटली नाही. ह्याच नास्तिक मित्राने बाईंचे हस्तलिखित वाचले, सुधारले आणि त्यांना धीर दिला. घरी कोणी शेजारीण आली, की बाई इस्त्रीचे कपडे पुढे ओढून लेखन झाकीत. पंथाच्या कार्यालयाने काही साक्षी पाहण्यास त्यांना नकार दिला. तरीही 1950 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. यंग यांनी हत्येची आज्ञा दिली नव्हती. परंतु त्यांच्या ज्वलंत भाषणांनी वातावरण पेटविले आणि मागाहून सत्य झाकले गेले, असा त्यांचा तोलून केलेला निर्णय होता. बाईंनी पंथ सोडला नाही. 1961 साली ली यांना मरणोत्तर सभासदत्व परत मिळाले, आणि 2007 मध्ये पंथाच्या वतीने त्या हत्याकांडाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला.

मॉर्गन यांचा स्वतःचा संकल्पित मॉर्मन इतिहास मात्र अपुराच राहिला. 1971 साली ते निवर्तले. त्याची मोजकी प्रकरणे 1986 मध्ये त्यांच्या पत्रांसमवेत प्रसिद्ध झाली. इतरांच्या ग्रंथांसाठी त्यांनी वेचलेला वेळ पाहिला म्हणजे त्यांचे आयुष्य अपुरे राहिले असे म्हणण्यास आम्ही धजत नाही.

अध्यापकवर्गाला आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्याही गावात सांगण्याजोगे काही मनात साठवून बसलेली वृद्ध माणसे आहेत. त्यांतील कोणी उद्या शाळेच्या दाराशी आले, तर तास संपल्यावर या, असे म्हणून त्यांस परत पाठवू नये.