सफारीचे ओझे



या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयास ज्यांना पाचारण होते ते बहुधा प्राध्यापक असतात. मी हमालांच्या संघटनेचा कार्यकर्ता. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पंडिताची शिस्त माझ्या बोलण्यात सापडणार नाही. कोणतीही हकीकत वाचली की ओझे किती आणि मजुरी किती, हे मी प्रथम पाहतो. ही खोड आता या वयात जावयाची नाही.

विषय कसा निघाला ते सांगतो. आमच्या घरी गेल्या दिवाळीपासून आफ्रिकेतल्या सफारीचा बेत चालला आहे. पत्नी प्राथमिक शिक्षिका. तिने वीस वर्षे पोस्टात टाकलेले पैसे आता हाती आले. मुलगी वीस वर्षांची, मुलगा यंदा दहावीला बसला. मुले एवढी मोठी झाली की आईबापांबरोबरचा हा शेवटचाच प्रवास, पुढे ती आपापल्या वाटेने जातात, असे तिचे म्हणणे. आणि ते मला पटले. पण मोठ्या मुलांना घेऊन जाण्यात एक अडचण असते. लहान मुलाला सिंह दाखविला की त्याचे समाधान होते. मोठी मुले प्रश्न विचारतात. प्रवासी कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत तीन दिवसांच्या पायी सफारीचे वर्णन होते. लहान मुलांना तीत घेत नाहीत, मोठ्यांना घेतात. मुलीने ते वाचले आणि विचारले, "बाबा, आपण चालणार, तर तंबू आणि भांडी कोण नेणार?"

तीस वर्षे मी हमालांत काढली, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. पुस्तिकेतही उत्तर नव्हते. मग मी वाचनालयात जाऊन बसलो.

'सफारी' हा स्वाहिली भाषेतला शब्द. अर्थ एवढाच : प्रवास. त्याचे मूळ अरबी 'सफर'. तोच शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. मुसाफिर हा त्याचाच भाऊबंद. मधल्या काळात आपल्याकडे सफारी म्हणजे अर्ध्या बाह्यांचा सूट असाही अर्थ झाला होता. आमच्याशी वाटाघाटी करावयास येणारे साहेबलोक तोच घालून येत, म्हणून मला तो शब्द फारसा प्रिय नव्हता. पण मूळ अर्थाने सफारी म्हणजे माणसांची रांग. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आत शिरावयास गाडीरस्ता नव्हता, आणि त्सेत्से नावाच्या माशीमुळे घोडा किंवा बैल वाटेत टिकत नसे. तेव्हा हस्तिदंत बाहेर आले ते माणसाच्या डोक्याखांद्यावरून, आणि कापड, मणी, तांब्याची तार आत गेली तीही तशीच. एका माणसाचे ओझे साठ ते सत्तर पौंड. मी क्विंटलाचे पोते पाठीवर घेणारे लोक पाहिले आहेत. परंतु ते गाडीपासून थप्पीपर्यंत. हे लोक साठ पौंड घेऊन महिनेच्या महिने चालत. रोजचा शिधा मिळे, त्याला 'पोशो' म्हणत. आजही युगांडात मक्याच्या पिठाच्या घट्ट पदार्थाला पोशोच म्हणतात. हमालाच्या शिध्याचे नाव सगळ्या देशाच्या ताटात जाऊन बसले!

या हमालांत न्यामवेझी लोकांचा लौकिक मोठा. बर्टन या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, ओझे वाहणे ही त्यांच्यात मर्दपणाची कसोटी मानीत. शिधा तुटला किंवा वाट ठरल्यापेक्षा लांबली, की ते ओझी खाली ठेवीत. प्रवासी साहेबांनी याला आळस आणि कृतघ्नपणा म्हटले आहे. आपण त्याला काय म्हणतो हे या सभेत सांगावयास नको.

आता नाशिकची गोष्ट. ही वाचताना मी बाकावरून उठून उभा राहिलो. लिव्हिंग्स्टन हे नाव आपण शाळेत शिकतो. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबिया देशात चितांबो नावाच्या गावी तो वारला. (तारीख पाहा, पण मे दिन जगात सुरू व्हावयास अजून अवकाश होता.) त्याच्याबरोबर तेव्हा एकही गोरा माणूस नव्हता. साठएक आफ्रिकन माणसे होती, त्यांत सुसी, चुमा आणि जेकब वेनराइट हे पुढारी. चुमा पूर्वी काही काळ मुंबईत डॉ. विल्सन यांच्या मिशनशाळेत होता. सुसीने मुंबईच्या गोदीत काम केले होते. आणि जेकब वेनराइट हा नाशिकचा विद्यार्थी! अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने गुलामांची गलबते पकडली, की सुटलेल्या मुलांना मुंबईस आणीत. त्यांतल्या कित्येकांना नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवीत. तेथे ती सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणेवाचणे शिकत. आफ्रिकेत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणत. शरणपूर रोडवरून आपण हजारदा गेलो असू. मला तरी हे ठाऊक नव्हते.

या माणसांनी काय केले? मालक मेला, पगार कोण देणार याचा ठिकाणा नाही, घरी जावयास मोकळे. त्यांनी आपसांत विचार केला आणि देह किनाऱ्यावर न्यावयाचे ठरविले. काळीज काढून झाडाखाली पुरले. देह उन्हात वाळविला, झाडाच्या सालीत गुंडाळून काठीला बांधला. झाडाच्या बुंध्यावर जेकबने नाव आणि तारीख कोरली. वाटेतल्या गावांना प्रेत गावातून नेलेले खपत नसे, तेव्हा ते कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून नेले. ताबोराजवळ त्यांना कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. येथेच पुरून टाका, असे त्याने सुचविले. त्यांनी ऐकले नाही. नऊ महिन्यांनी, १८७४ च्या फेब्रुवारीत, ते बागामोयो बंदरात पोचले. तेथे पगार चुकता करून त्यांना निरोप देण्यात आला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झाले. त्या वेळी शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब होता. सुसी आणि चुमा यांना पुढे कोणी तरी बोलावून घेतले, पण ते दफनानंतर पोचले. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्या साठ जणांसाठी पदके पाडली. तोवर बहुतेक जण पांगले होते.

सफारीच्या इतिहासातले मला सर्वांत मोठे वाटलेले ओझे हे. ते कोणाच्या हुकमाने उचललेले नव्हते.

पुढे रेल्वे आली आणि पायवाटेची सफारी मागे पडली. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी युगांडा रेल्वे १८९६ मध्ये सुरू झाली, १८९९ मध्ये नैरोबीस आणि १९०१ च्या डिसेंबरात सरोवरास पोचली. ती बांधावयास आपल्या देशातून सुमारे ३२,००० मजूर नेले, बरेचसे पंजाबचे. त्यांतले जवळजवळ २,५०० मेले, साडेसहा हजारांच्या आसपास आजारी होऊन परत आले. त्सावो नदीवरच्या पुलापाशी १८९८ मध्ये दोन आयाळ नसलेल्या सिंहांनी मजूर खाल्ले, ही कथा सर्वश्रुत आहे. माझ्या मुलाला ती तोंडपाठ आहे. सिंह मारणारा इंजिनियर पॅटरसन याचे पुस्तकही त्याने वाचले आहे. परंतु तेच पुस्तक मी वाचले तेव्हा मला त्यात निराळीच प्रकरणे दिसली.

पॅटरसन सांगतो की, खऱ्या गवंड्याला महिना ४५ रुपये आणि साध्या मजुराला १२ रुपये होते. (पूर्व आफ्रिकेत तेव्हा रुपयाच चाले.) म्हणून बरेच मजूर गवंडी म्हणून नाव लावीत. त्याने हे ओळखले आणि जेवढे काम तेवढा दाम, अशी उक्ती मजुरी लावली. त्यावरून इतका असंतोष झाला की, खाणीत त्याला मारण्याचा कट झाला. पुढाऱ्यांना तुरुंगात धाडण्यात आले. खुनाच्या कटाचे समर्थन मी करणार नाही. पण महिन्याची मजुरी एका रात्रीत उक्ती केली की काय होते, हे मी तरी पुस्तकातून शिकलेलो नाही. आणि सिंहांचा उपद्रव असह्य झाला तेव्हा, १ डिसेंबरला, शेकडो मजूर रुळांवर आडवे झाले, चालती गाडी थांबविली आणि तीत चढून निघून गेले. आम्ही सिंहांचे खाद्य होण्यास आलेलो नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. काम तीन आठवडे बंद पडले. पॅटरसन याला घाबरटपणा समजतो. उघड्या तंबूत झोपणाऱ्याला सुरक्षित निवारा मागण्याचा हक्क आहे की नाही, एवढाच तो प्रश्न होता.

मेले किती? पॅटरसनने त्या पुस्तकात २८ हिंदी मजूर सांगितले. पुढे आकडा १३५ वर नेला. सिंहांच्या केसांची व हाडांची रासायनिक तपासणी करून २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज केला, तो ३५ च्या आसपास. पण मला बोचते ते त्याचे पुढचे वाक्य : याखेरीज कित्येक आफ्रिकन माणसे गेली, त्यांची सरकारी नोंद ठेवलेली नाही. सिंहांच्या कातड्यांची मात्र नोंद आहे. पंचवीस वर्षे ती पॅटरसनच्या घरी अंथरलेली होती. १९२४ मध्ये ५,००० डॉलरला शिकागोच्या संग्रहालयाने घेतली. म्हणजे ते सिंह पाहावयाचे तर शिकागोला जावे लागेल, हे ऐकून मुलगा हिरमुसला.

मुले मोठी झाल्यावर त्यांना सफारीला नेणारा मी काही पहिला बाप नव्हे. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडल्यावर थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, कर्मिटला घेऊन मोंबासाला उतरला. कर्मिटने त्यासाठी हार्वर्डमधून सुटी घेतली होती. याच रेल्वेच्या इंजिनापुढे बसून त्यांनी रान पाहिले. मग दोनशेहून अधिक हमालांची रांग. बापाने २९६ आणि मुलाने २१६ अशी ५१२ जनावरे मारली, पुष्कळशी संग्रहालयासाठी. आकडा मला तोंडपाठ झाला, कारण तो लिहिलेला आहे. प्रत्येक जनावर कोणी मारले तेही लिहिलेले आहे.

आणि मग पहिले महायुद्ध. पूर्व आफ्रिकेत इंग्रज आणि जर्मन लढले, परंतु तोफगोळे आणि पीठ वाहिले हमालांनीच. त्या दलाचे नाव कॅरियर कोअर. ब्रिटिशांच्या बाजूला असे दहा लाखांच्या घरात लोक लागले. मृतांचा सरकारी आकडाच ९५,००० च्या आसपास आहे, आणि तो अपुरा असल्याचे पुष्कळांचे मत आहे. गोळीपेक्षा हगवण आणि उपासमार यांनीच अधिक मेले. नैरोबीतला 'करिओकोर' आणि दारेसलाममधला 'करिआकू' हे आजचे गजबजलेले बाजार; ती नावे म्हणजे 'कॅरियर कोअर'चाच अपभ्रंश. नैरोबीच्या केन्याटा ॲव्हेन्यूवर तीन काशाचे पुतळे आहेत, त्यांत एक हमाल आहे. खालच्या लेखात हमालांना सैन्याचे हातपाय म्हटले आहे, आणि देशासाठी लढून मेलात तरी मुले तुमचे नाव आठवतील, असे आश्वासन आहे. नाव मात्र तेथे एकही नाही. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून कबूल केले की, किमान १,१६,००० मृतांची, बहुतांश आफ्रिकेतल्या आणि मध्यपूर्वेतल्या लोकांची, नावानिशी किंवा मुळीच नोंद झालेली नाही.

त्याच नैरोबीत १९३५ मध्ये मखनसिंग या पंजाबी तरुणाने कामगार संघ काढला आणि तो सर्व वर्णांच्या कामगारांना खुला केला. १९३७ मध्ये त्यांनी ६२ दिवसांचा संप जिंकला. १९५० मध्ये सभेत पूर्ण स्वातंत्र्य मागितले म्हणून त्याला धरले, ते १९६१ च्या ऑक्टोबरात सोडले. त्याच्यावर एक स्वतंत्र व्याख्यान व्हावे. चालकांनी पुढच्या वर्षी विचार करावा.

अभयारण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. केनियात १९७७ मध्ये शिकार बंद झाली, हे चांगलेच झाले. पण रान राखीव झाले तेव्हा त्यात माणसे होती. टांझानियातले सेरेंगेटी १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९५९ मध्ये मसाईंना तेथून हलवून न्गोरोन्गोरोकडे धाडले. त्यांच्याच लोलिओंडो भागात २०२२ च्या जूनमध्ये सीमेचे खांब रोवताना पुन्हा रक्त सांडले. पुस्तिकेत मसाई आहेत. लाल वस्त्रात, उंच उडी मारताना.

मुलीच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते असे : आता तंबू मोटारीने पुढे जातात, काही ठिकाणी उंटावरून. किलिमांजारो डोंगरावर मात्र अजून माणूसच वाहतो; तेथे ओझ्याची मर्यादा २० किलोंची आहे. "तिथे कोण मोजते?" असे तिने लगेच विचारले. कंपनीला तसे पत्र लिहावयास मी तिलाच सांगितले आहे. उत्तर आलेले नाही.

बेत ठरला आहे. मे महिन्यात आपल्या सुट्या, पण तेथे मार्चपासून मेपर्यंत मोठा पाऊस. दिवाळीत जावे तर धाकटा पाऊस. दहावीनंतर अकरावीचे प्रवेश रेंगाळतात, तेवढ्यात जूनचा दुसरा पंधरवडा सापडतो. आधी मोंबासा. तेथे फ्रिअरटाउन नावाची वस्ती आहे, मुंबईचे एके काळचे गव्हर्नर फ्रिअर यांच्या नावाची. १८७५ मध्ये वसली, आणि नाशिकची आफ्रिकन माणसे तेथे जाऊन राहिली. तिथली जुनी घंटा पाहावयाची. मग २०१७ मध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेने त्सावोतून नैरोबीस. तेथे पुतळे आणि करिओकोर, आणि शेवटी मसाई मारा. वाइल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात ते बहुधा जुलैपासून. आम्ही त्याआधीच परतणार, म्हणून मुलगा अजून रुसलेला आहे. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. येत्या सोमवारी आम्ही चौघे त्यासाठी जात आहोत.